परातीच्या गोलातलं गाव

करावे गावात कुणाला अर्ज लिहायचा असला की तो दिनानाथ तांडेलांच्या ओटीवर यायचा. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचंय, या. लाइटचं मीटर पळतंय, या. होडीचं लायसन संपलंय, या बसा. दिनानाथ बावीस वर्षं एका केमिकल कंपनीत टाइम ऑफिसला होते. कंपनी बंद पडली, माणूस घरी बसला, पण हातातलं पेन काही सुटलं नाही. कुणी ताटलीभर कोलंबी झाकून आणून द्यायचं, कुणी दोन चिंबोऱ्या, आणि कुणी काहीच नाही आणलं तरी ते विचारायचे नाहीत. ‘महोदय’ हा शब्द ते इतका सावकाश, इतका कौतुकानं लिहायचे की समोरच्याला वाटायचं झालंच आता आपलं काम.

हे एकट्यादुकट्याच्या अर्जाचं. अर्ज अख्ख्या गावाचा असला की पद्धत वेगळी. तेव्हा त्यांची बायको राहीबाई आतून जेवायचं ताट आणून द्यायची. कागदावर ताट पालथं घालायचं, कडेनं पेन्सिलनं गोल मारायचा, अर्ज मधे लिहायचा आणि त्या गोलाच्या भोवती सगळ्यांनी आपापली नावं लिहायची. पहिला कोण, शेवटचा कोण, कुणालाच कळायला नको.

याला कारण दिनानाथांचे वडील, हिराजी. सरकारनं जमिनी घेतल्या त्या वर्षांत गावानं एक अर्ज केला होता, सरळ, एकाखाली एक नावं असलेला. पहिलं नाव हिराजींचं, कारण काय तर अक्षर बरं. चौथ्या दिवशी पोलिसांची गाडी आली, कागद उघडला, पहिलं नाव वाचलं आणि हिराजींना उचलून नेलं. पाच दिवसांनी सोडलं तेव्हा डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. दिनानाथ तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. बाप उजवा कान पुढे करून बोलणं ऐकायचा, हे त्यांनी तो मरेपर्यंत बघितलं. त्यानंतर गावानं सरळ रांगेत नावं लिहिली नाहीत, कधीच नाही. लग्नाच्या वर्गणीचा कागदसुद्धा गोल.

आणि मग ती नोटीस आली.

गावाच्या खाडीकडच्या अंगाला एक मोकळं मैदान आहे, खळा म्हणतात त्याला, गावातली माणसं ‘खला’ म्हणतात. बायका तिथं जवळा, म्हणजे अगदी बारीक कोलंबी, वाळत घालतात. सकाळी पसरायचा, उन्हं चढली की खराट्यानं उलटायचा, बगळे हाकलायचे, संध्याकाळी गोळा करायचा. राहीबाई लग्न करून आली त्या वर्षीपासून, म्हणजे चौतीस वर्षं, तिथल्या एका कोपऱ्यात बसते. तिचा कोपरा ठरलेला. कुणी बोर्ड लावलेला नाही, पण तिथं दुसरी कुणी बसत नाही.

नोटीस खळ्याच्या कडेच्या विजेच्या खांबाला चिकटवली होती. दिनानाथांनी चष्मा पुसून वाचली. या जागेवर रहिवासी प्रकल्प प्रस्तावित, बावीस मजल्यांचे चार टॉवर, हरकती आणि सूचना तीस दिवसांत लेखी द्याव्यात. खाली नकाशा. नकाशात खळ्यावर तिरक्या रेघा मारल्या होत्या आणि बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘मोकळी जागा, विनावापर’.

"विनावापर म्हंजे काय वो?" राहीबाईनं विचारलं. हातात खराटा तसाच.

"म्हंजे कोन वापरत नाय."

"मंग मी काय करते हितं? हवा खायला येते?"

बाकीच्या बायका हसल्या. राहीबाई नाही हसली. ती नकाशाच्या अगदी जवळ गेली आणि आपला कोपरा शोधायला लागली. नकाशात कोपरे होते, पण कुणाचे ते नव्हतं लिहिलेलं.

त्या रविवारी देवळाच्या ओट्यावर गाव बसलं. सगळ्यांनी दिनानाथांकडे बघितलं, आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडलं. तीनशे चाळीस घरं. एवढी नावं ताटात मावणार नाहीत म्हणून चार्टपेपर आणायचं ठरलं, आणि ताटाऐवजी परात.

"परात आना, घमेला आना, नायतर माझ्या होडीचा टायर आना," पंढरी ओरडला. पंढरी म्हणजे दिनानाथांचा शाळेपासूनचा दोस्त, तोंडाला कुलूप नसलेला. "पन माझं नाव दिनाच्या बाजूला नको. यो झोपेत घोरतो, माझी सही हलंल."

दिनानाथांची मुलगी सोनल मागे उभी होती. बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, गावात नेटवर्क कुठं येतं हेसुद्धा पोरं तिला विचारतात. ती पुढे आली.

"बाबा, एक कागद नको. प्रत्येकानं वेगळा द्या. मी वाचलंय, ते लोक अर्ज मोजतात. एक अर्ज म्हणजे एक हरकत. आपण टाइप करून झेरॉक्स काढू, प्रत्येकानं फक्त नाव टाकायचं."

"अगो, गाव एक हाय तर कागद तीनशे कशाला?"

"कारण ते गाव मोजत नाहीत बाबा, कागद मोजतात!"

"तू शिकव आता मना." दिनानाथांचा आवाज चढला. "तुझ्या आज्याचा कान गेला तेवा हा गोल आला. गावाचा शब्द फोडून वाटायचा काय, प्रसादासारखा?"

ओट्यावर कुणीतरी "बरोबर हाय" म्हटलं, मग सगळेच म्हणाले. सोनलचं तोंड एवढंसं झालं.

दोन दिवस तो कागद गावभर फिरला. परातीचा गोल भरला तेव्हा आत ताटाचा गोल मारला, तो भरला तेव्हा ताटलीचा. आणि अगदी मधे दिनानाथांच्या अक्षरात अर्ज. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे निळे अंगठे. राहीबाई आयुष्यभर अंगठा देत आली होती, पण या वेळी म्हणाली, नाव लिहिणार. सोनलनं जुन्या वहीवर तिच्याकडून चार संध्याकाळी गिरवून घेतलं होतं. ‘राही’ लिहून झाल्यावर तिनं पेन खाली ठेवलं, हात झटकला आणि म्हणाली, "जवला उलटणं बरं याच्यापेक्षा." पण नंतर जो येईल त्याला ती ते नाव दाखवत होती.

सत्ताविसाव्या दिवशी दिनानाथ कागद गुंडाळून नियोजन कार्यालयात गेले, सोनल सोबत. आवकच्या खिडकीवरच्या मॅडमनी गुंडाळी उघडली आणि त्यांना काही सुधरेना.

"काका, यात पहिलं नाव कुठलं?"

"पैलं नाय. पैलं नसतंच यात."

"अहो सिस्टीमला लागतं ना. अर्जदाराचं नाव टाकल्याशिवाय पुढे जात नाही. तुमचं सांगा, तुम्ही आणलंय ना?"

इथं, अगदी इथं, दिनानाथांनी थांबायला हवं होतं. पण मागे रांग होती, मॅडम चांगल्या होत्या, आणि आपलं नाव सरकारी कॉम्प्युटरमधे जातंय म्हटल्यावर माणसाला जरा बरं वाटतंच की. त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "दिनानाथ. हिराजी. तांडेल."

पावती आली. सोनलनं रिक्षात बसल्या बसल्या वाचली.

"बाबा, ‘व इतर’ नाहीये यात. फक्त तुमचं नाव आहे."

"मोठा कागद हाय ना सोबत. त्यांना काय डोले नाय?"

"अजून तीन दिवस आहेत. मी आज टाइप करते. कॉलेजजवळचा झेरॉक्सवाला रात्रीपर्यंत देईल. बाबा, प्लीज. मी घरोघर फिरते, तुम्ही काही करू नका."

दिनानाथांनी तिच्या हातातली पावती घेऊन खिशात घातली. आता परत घरोघर जायचं म्हणजे आपलं चुकलं असं सांगायचं. ज्यानं आयुष्यभर गावाला अर्ज लिहून दिले त्यानं?

"नाय," ते म्हणाले. "दिला शब्द दिला."

तीन दिवस गेले. एवढेच तीन दिवस. नंतर कितीतरी वेळा दिनानाथ ते बोटांवर मोजायचे, मंगळ, बुध, गुरू, जसं काही मोजून एखादा उरलेला सापडणार होता.

सुनावणी दोन महिन्यांनी लागली. गाव दोन टेम्पो भरून निघालं, बायकांनी त्या दिवशी खळा रिकामा ठेवला. राहीबाईनं लग्नाकार्यातलं हिरवं लुगडं काढलं होतं. तिसऱ्या मजल्यावर हॉल. गेटवर शिपाई यादी घेऊन उभा.

"नाव यादीत असेल तोच आत."

"आमी सगले हाव," पंढरी म्हणाला. "आख्खा गाव हाय. बग नीट."

शिपायानं यादी बघितली, पान उलटलं, परत बघितलं. "करावे गावचे एकच आहेत. दिनानाथ तांडेल."

"आन आमी काय फुलबाजा घेऊन वरातीत आलोय?"

कुणी हसलं नाही. दिनानाथ म्हणाले, "थांबा, मी वर जाऊन सांगतो सायबांना, सगल्यांना घेतील." आणि जिना चढले. वळणावर त्यांनी खाली बघितलं. राहीबाई पदर डोक्यावर घेऊन त्यांच्याकडेच बघत होती.

हॉल गच्च भरला होता, पण एकही तोंड ओळखीचं नाही. भिंतीवर यादी लावली होती. हरकती, अनुक्रमांक एक, दिनानाथ हिराजी तांडेल. त्याखाली रेघ. मग पाठिंब्याची पत्रं, दोनपासून तीनशे तेरापर्यंत. नावं, नावं, नुसती नावं, आठ पानं, आणि सगळी सरळ एकाखाली एक. दिनानाथांनी दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं, आणि भिंतीला हात टेकला.

एका बाकावरची बाई सरकली. "बसा ना काका. पाणी देऊ?" तिशीची असेल. नाव मनाली, डोंबिवलीला भाड्यानं राहते, असं तिनंच सांगितलं. "तुमचंही बुकिंग आहे का इथं? आमचं सतराव्या मजल्यावर. अकरा महिन्यांनी घर बदलून बदलून मुलगी वैतागली हो. ती विचारते, आई, हे घर तरी आपलं ना?"

दिनानाथांनी पाणी घेतलं. या बाईचा राग यायला हवा होता, पण येईना. "तुमी पत्र दिलं?"

"बुकिंग ऑफिसनं फोनवर लिंक पाठवली होती. नुसतं नाव टाकायचं होतं, एक मिनिट लागलं. सगळ्यांनीच दिलं." मग तिनं मोबाइलवर ते पत्र काढून दाखवलं, अगदी साधेपणानं. सातवी ओळ होती, ‘परिसरात पसरणारी दुर्गंधी दूर होऊन परिसर स्वच्छ होईल.’

"दुर्गंधी कशाची?" दिनानाथांनी विचारलं.

"काय माहीत. खाडीची असेल. तुम्हाला येते का?"

दिनानाथ आपल्या हातांकडे बघत बसले. त्या हातांना गेली चौतीस वर्षं राहीबाईच्या जवळ्याचा वास होता.

नियोजन अधिकारी अभय साहेब तरुण होते, डोळ्यांखाली काळं, समोर फायलींचा ढीग. वाईट माणूस नव्हता. उलट पहिलीच हरकत म्हणून त्यानं दिनानाथांना पुढे बोलावलं, खुर्ची दिली. "बोला काका. पाच मिनिटं आहेत."

"सायेब, मी एकटा नाय. तीनशे चालीस घरांचा कागद हाय यो. सगल्यांच्या सह्या हायेत."

साहेबांनी स्क्रीनवर बघितलं. स्क्रीनवर स्कॅन होता. स्कॅनरमधे चार्टपेपर मावला नव्हता म्हणून कुणीतरी घडी घालून मधला भाग तेवढा घेतला होता. मधला भाग म्हणजे फक्त अर्ज. कडेला दोन-चार नावांची शेपटं दिसत होती, बस.

"मूळ कागद आणा बघू," साहेब म्हणाले.

कागद शोधायला आठ मिनिटं गेली. मिळाला तेव्हा त्याला सहा घड्या होत्या. तो टेबलावर उघडला तर टेबल पुरेना, एक कड खाली लोंबायला लागली. पुढच्या रांगेतली माणसं उठून बघायला आली. परातीचा गोल, ताटाचा गोल, ताटलीचा गोल. निळे अंगठे. घडीवर एक नाव चिरलं होतं.

"वॉव," कुणीतरी म्हणालं, आणि मोबाइल काढून फोटो घेतला.

"रांगोळीसारखं दिसतंय," मनाली हळूच म्हणाली.

साहेबांनी लोंबणारी कड उचलून टेबलावर घेतली. मग चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "काका, नोंदणी क्रमांक एक आहे ना. म्हणजे हरकत एक. मी लिहीन की सोबत सह्यांचा कागद जोडलाय. पण संख्या मला वाढवता येत नाही."

"माणसं खाली उभी हायेत सायेब. गेटवर. मोजून घ्या. वर बोलवा नायतर खिडकीतून बगा."

"मुदत संपली काका. त्या तीस दिवसांत प्रत्येकानं आपला वेगळा अर्ज दिला असता तर..." साहेबांनी वाक्य पुरं केलं नाही. "खळ्याबद्दल काय म्हणणं आहे ते तरी सांगा. मी लिहून घेतो."

आणि दिनानाथांना काही सुचेना! सबंध आयुष्य दुसऱ्यांचं म्हणणं कागदावर उतरवणारा माणूस, त्याला एक वाक्य जुळेना. ते एवढंच म्हणाले, "माझी बायको तिथं कोपऱ्यात बसते." मागे कुणीतरी हसलं. साहेबांनी ते तसंच लिहून घेतलं की नाही, देव जाणे. वेळ संपल्याची घंटा वाजली.

खाली उतरले तेव्हा सगळं गाव उन्हात उभं होतं. पंढरी पुढे आला. "काय रं दिना? कदी बोलावतात आमाला?"

दिनानाथ खोटं बोलू शकले असते. साहेब विचार करतो म्हणाले, असं सांगता आलं असतं, आणि लोक टेम्पोत बसून घरी गेले असते. पण सोनल समोर होती.

"नाय बोलावत. त्यांच्या कागदावर मी एकटाच हाय. त्या बाजूला तीनशे बारा." त्यांनी सोनलकडे बघितलं. "पोरगी बरोबर बोलत होती. चूक माझी."

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. पंढरीनं नुसता हात झटकला आणि टेम्पोत जाऊन बसला. परतीच्या वाटेवर त्यानं एकही विनोद केला नाही.

दिवाळीच्या आधी आदेश आला. त्यात एक ओळ होती, ‘प्राप्त झालेली एक हरकत विचारात घेऊन फेटाळण्यात येत आहे.’ महिन्याभरात खळ्याभोवती निळे पत्रे लागले. पत्र्यांवर एका गोऱ्या कुटुंबाचं चित्र, आईबाप हसतायत, पोर फुगा धरून. बायका आता जवळा गच्चीवर घालतात, नाहीतर रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर, आणि गाड्यांची धूळ बसते म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडतं. राहीबाईला गुडघ्यांमुळे गच्चीचा जिना जमत नाही. ती ओटीवर परातीत घालते, परातीत मावेल तेवढाच. तीच ती परात.

दिनानाथांवर ती एकदाच बोलली. "तुमी पोरीचं ऐकलं असतं तर," एवढंच, आणि मग परात उन्हाकडे सरकवली.

मार्चमधे दुसरी नोटीस लागली. या वेळी खाडीच्या धक्क्याकडे जाणारी पायवाट, प्रकल्पाच्या आतल्या रस्त्यात धरलेली. तीच वाट गेली तर होड्यांपर्यंत जायचं कसं? तीस दिवस. दिनानाथांनी या वेळी परात मागितली नाही. सोनलनं अर्ज टाइप केला, तीनशे चाळीस झेरॉक्स काढल्या. दिनानाथ ओटीवर टेबल टाकून बसले. प्रत्येकानं यायचं, आपल्या कागदावर आपलं एकट्याचं नाव लिहायचं. बस, एक मिनिटाचं काम.

लोक आले, पण चुकतमाकत, थोडेच. कागद हातात घ्यायचे, उलटसुलट बघायचे.

"यात माझं एकट्याचंच नाव येनार?"

"हा. तुझा कागद, तुझं नाव."

"आन मंग कोन आलं गाडी घेऊन तर?"

"आता तसं नसतं रे."

"तुझ्या बापाच्या टायमाला पन तसं नसेल म्हनूनच केला असंल ना अर्ज?"

दिनानाथांनी टेबलावरचे कागद सारखे केले. गोलात होते तेव्हा सगळे शूर होते, कारण गोलात कुणीच टोकाला नव्हतं. आता प्रत्येकाला आपापलं घर आठवायला लागलं. कुणाच्या खोलीचा वरचा मजला अनधिकृत, कुणाचा मुलगा ठेकेदाराकडे, कुणाचं हे, कुणाचं ते.

विसाव्या दिवसापर्यंत एक्केचाळीस झाले, मग आकडा तिथंच अडला. सगळ्यांत वरचा कागद राहीबाईचा होता, तिनं न विचारता सगळ्यांच्या आधी येऊन लिहिला होता. वाकडं, मोठं, कागदाबाहेर जाऊ बघणारं ‘राही’. दिनानाथांनी तो कागद पहिला ठेवला, मग खाली घातला, मग परत वर ठेवला. हिराजींचा डावा कान त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

एकोणतिसाव्या दिवशी संध्याकाळी पंढरी ओटीसमोरून चालला होता. दिनानाथांनी हाक मारली. पंढरी थांबला, पण ओटीवर चढला नाही.

"पंढरी, ये ना. तुझा कागद भरून ठेवलाय. नुसती सही."

पंढरीनं चपलेनं माती उकरली. "अरे, माझा थोरला तिथं लागलाय. पत्र्यांच्या आत. सिक्युरिटीला. वर्दी पन मिलाली." त्यानं वर बघितलं नाही. "गोल असता तर केली असती, दिना. तुझ्या बाजूला केली असती."

तो गेला. टेबलावर दोनशे नव्याण्णव बिनसहीचे कागद होते, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर राहीबाईनं परात ठेवली होती.